देव नसलाच तर? वारी आणि श्रद्धा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न तुम्हाला विचारतं कोण?

मी फलटणचा, धंदा विम्याचा. आई माउलींच्या पालखीबरोबर आळंदी ते पंढरपूर चालते. 26 वाऱ्या झाल्या, करोनाची दोन वर्षं सोडून. मी तिच्या दिंडीत लोणंद ते फलटण एवढाच चालतो, आणि विठ्ठल नावाचा कुणी तिकडे खरोखर वाट बघत उभा आहे असं मला वाटत नाही. हे मी लपवत नाही. त्यामुळे दिंडीतली माणसं, गिऱ्हाइकं, मेहुणा, भाची असे सगळे आळीपाळीने तेच ते विचारतात. तोंडी उत्तरं दरवेळी वेगळी निघतात आणि मग "मागच्या वर्षी तर असं म्हणाला होतात" असंही ऐकावं लागतं. म्हणून एकदा लिहून ठेवतो.

देव नसलाच तर तुमच्या आईची इतकी वर्षं वाया गेली का?

हा प्रश्न मला पहिल्यांदा मेहुण्याने विचारला, तेही आई स्वयंपाकघरात असताना, हळू आवाजात. म्हणजे उत्तर काय असावं असं त्याला वाटत होतं ते आवाजावरूनच कळलं.

टर्म विमा विकताना मला रोज एक वाक्य ऐकावं लागतं: "म्हणजे मी जगलो तर हप्ते बुडाले?" मी सांगतो, बुडाले कसे? तेवढी वर्षं घरच्यांना शांत झोप लागली, ती तुम्ही विकत घेतलीत. मेहुण्यालाही मी हेच सांगितलं. वारीला जाणाऱ्या बाईला वर्षातले 18-20 दिवस घर नाही, चूल नाही, सून नाही, मुलगा नाही. आळंदीहून पंढरपूर साधारण 250 किलोमीटर. त्या वाटेवर तिला कुणी "अहो ताई" म्हणत नाही, "माउली" म्हणतात आणि पाया पडतात. ती उलट त्यांच्या पडते. जन्मभर जिने दुसऱ्यांच्याच पाया पडल्या, तिच्या पाया एखादा निवृत्त तहसीलदार चिखलात वाकून पडतो. हे घडलेलं आहे. विठ्ठल असला तरी घडलेलं आहे, नसला तरी घडलेलं आहे.

पण विम्याच्या उदाहरणात एक गोम आहे आणि ती मला माझ्या धंद्यामुळेच लवकर दिसली. समजा, कंपनी अस्तित्वातच नाही आणि मी पॉलिसी विकली. गिऱ्हाईक तितकंच शांत झोपेल. दाव्याची वेळ आलीच नाही तर त्याचं काही बिघडणारही नाही. पण मला बेड्या पडतील, आणि पडायलाच हव्यात. म्हणजे "चुकीच्या श्रद्धेचा फायदा झाला का" या प्रश्नाला दोन टोकं आहेत: श्रद्धा बाळगणारा आणि श्रद्धा विकणारा. दोघांचा हिशेब एका वहीत मांडता येत नाही. पुढची बरीच उत्तरं या एका गोष्टीवर उभी आहेत.

असला तर फायदा, नसला तर तोटा नाही. मग मानून टाकायला काय जातं?

दिंडीतले आमचे एक निवृत्त मास्तर दरवर्षी तरडगावच्या मुक्कामी हा डाव टाकतात. डाव जुना आहे. संस्कृतात याचा श्लोकच आहे. परलोक आहे की नाही याची शंका असली तरी धर्म करावा, कारण "नास्ति चेन्नास्ति नो हानिरस्ति चेन्नास्तिको हतः". नसेल तर आपलं काही गेलं नाही, असेल तर नास्तिक मेला! फ्रान्सचा गणिती पास्कल (1623–1662) यानेही हेच मांडलं, पैजेच्या भाषेत. जिंकलात तर अनंत सुख, हरलात तर किरकोळ नुकसान, मग शहाणा माणूस कुठे पैसे लावील?

एजंट म्हणून मी याला दाद देतो. ही विक्रीची उत्तम भाषा आहे. पण यात तीन ठिकाणी फट आहे.

पहिली: कंपन्या अनेक आहेत. पास्कलला फक्त ख्रिस्ती स्वर्ग दिसत होता. त्याच देशातल्या दिदेरो या विचारवंताने पुढच्या शतकात म्हटलं, हाच युक्तिवाद इमामही करू शकतो. आपल्याकडे तर गल्ली बदलली की दैवत बदलतं. जेजुरीच्या मुक्कामी वारकरी भंडारा लावतात, विठ्ठलाचं काही बिघडत नाही, इतपत आपण समजूतदार आहोत. पण "माझ्याखेरीज दुसऱ्याला मानलंस तर नरकात जाशील" असं सांगणारे दोन देव समोर आले तर पैजेचं गणित तिथेच फाटतं.

दुसरी: "काही जात नाही" हे खोटं आहे. जातं. आईचे गुडघे गेले. पाऊस लांबलेल्या वर्षी पेरणी धाकट्यावर टाकून शेतकरी निघतो, मागे दुबार पेरणीची वेळ येते, ते बियाणं जातं. दिंडीत भरायचे पैसे जातात. आनंदाने जातात हे खरं, पण हिशेबाच्या वहीत खर्चाच्या बाजूला शून्य लिहिणारा माणूस एक तर वारीला गेलेला नसतो, किंवा त्याच्या जागी दुसरं कुणीतरी राबत असतं.

तिसरी, आणि मला सगळ्यात मोठी वाटणारी: असं ठरवून मानता येत नाही. तुम्ही मला एक लाख रुपये देऊ केलेत आणि म्हणालात, आज अमावास्या आहे असं मनापासून मान, तर मी तोंडाने म्हणेन, मनाने म्हणता येणार नाही. पास्कललाही हे कळत होतं. त्याचा सल्ला असा की नसेल पटत तर पटल्यासारखं वाग, देवळात जा, तीर्थ घे, हळूहळू पटेल. आमचे मास्तरही तेच म्हणतात: टाळ हातात घे, बाकीचं तो बघेल. मी टाळ बारा वर्षं वाजवतोय. पावली आता बरी पडते. बाकीचं अजून तो बघतोच आहे.

बुद्धानेही अशीच पैज सांगितली आहे ना?

हा प्रश्न माझ्या एका बौद्ध गिऱ्हाइकाने विचारला आणि मला त्यानेच शहाणं केलं. पास्कलच्या दोन हजार वर्षं आधीची गोष्ट. केसपुत्त गावचे कालाम लोक बुद्धाकडे तक्रार घेऊन आले होते: इथे येणारा प्रत्येक साधू आपलंच खरं सांगतो, दुसऱ्याचं खोटं, आम्ही मानायचं कुणाचं? बुद्ध म्हणाला, ऐकीव आहे म्हणून मानू नका, परंपरा आहे म्हणून मानू नका, ग्रंथात आहे म्हणून मानू नका, गुरू सांगतो म्हणूनही मानू नका. लोभ, द्वेष, मोह यांनी काय होतं ते स्वतः पाहा. हा भाग सगळ्यांना माहीत असतो, पोस्टरवर असतो.

त्याच सुत्ताचा, म्हणजे उपदेशाचा, शेवट कमी लोक वाचतात. वैर नसलेल्या, निर्मळ मनाच्या माणसाला तिथे चार आश्वासनं दिली आहेत. परलोक असेल आणि कर्माचं फळ मिळत असेल, तर तो चांगल्या ठिकाणी जाईल. नसेल, तर याच जन्मात तो वैरावाचून, दुःखावाचून सुखाने राहतो. वाईट करणाऱ्याचं वाईट होत असेल, तर त्याने वाईट केलेलंच नाही. होत नसेल, तरी दोन्हीकडून तो शुद्धच आहे.

दिसायला पैजच. पण पास्कल पैसे लावतो ते मानण्यावर, बुद्ध लावतो ते वागण्यावर. वागणं माझ्या हातात आहे, मानणं नाही. म्हणून बुद्धाची पैज मला लागू पडते आणि पास्कलची पडत नाही. मास्तरांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मग तू तिकडेच का जात नाहीस?" प्रश्न रास्त आहे. उत्तर एवढंच की माझी आई इकडे चालते.

वारकरी मोक्षासाठीच चालतात ना? मोक्ष नसेल तर सगळंच संपलं.

बाहेरच्यांना असं वाटतं. मलाही वाटायचं. मग मी ऐकायला लागलो, की रोज संध्याकाळी ही माणसं मागतात काय.

"न लगे मुक्ति धन संपदा । संतसंग देई सदा ॥ तुका म्हणे गर्भवासीं । सुखें घालावें आम्हांसी ॥" शाळेच्या प्रार्थनेत म्हणून म्हणून याची धार गेली आहे. पुन्हा वाचा. मुक्ती नको म्हणतायत! जन्ममरणाच्या फेऱ्यातून सुटका हे बाकी सगळ्यांनी ज्याच्यासाठी घरदार सोडलं ते बक्षीस, आणि हा देहूचा वाणी म्हणतो, ते ठेव तुझ्याकडे, मला खुशाल पुन्हा जन्माला घाल, फक्त ही संगत दे. पैजेतलं अनंत सुखच ज्याने परत केलं त्याच्याशी पास्कल काय बोलणार?

आणि संगत ही चालतानाच मिळते. पुढे कुठे जमा होत नाही, चुकीची निघण्याचा प्रश्नच नाही.

दुसरी गोष्ट डोळ्यांनी दिसणारी. आषाढीला पंढरपुरात दर्शनाची रांग इतकी लांब असते की असंख्य वारकरी गाभाऱ्यापर्यंत जातच नाहीत. चंद्रभागेत स्नान, नामदेव पायरीवर डोकं, बाहेरूनच कळसाला हात जोडायचे, आणि परतीची एसटी. ज्याच्यासाठी 18-20 दिवस चालले त्याचं तोंडही न बघता! मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हा मूर्खपणा वाटला होता. आता वाटतं, जर मुक्कामाला पोचून काही वसूल करायचं असतं तर कुणी असा परत फिरला नसता.

तरी एक कबूल करतो. हे तुकोबांचं मागणं आहे, प्रत्येक वारकऱ्याचं नाही. दिंडीत नवसाचे लोक असतात, पोराच्या नोकरीसाठी चालणारे असतात, "वैकुंठ मिळणार" असं म्हणणाऱ्या आज्याही असतात. त्यांनी पैसे पुढच्या जगावर लावलेले आहेत आणि पुढचं जग नसेल तर ते हरले. नवसाबद्दल तर तुकोबांनीच सांगून ठेवलंय, "नवसें कन्यापुत्र होती । तरि कां करणें लागे पति". हसतात सगळे कीर्तनात या ओळीला. नवस बोलायचे काही थांबत नाहीत.

संतांना कधी शंका आली नाही का?

आली की. 1630च्या आसपासच्या मोठ्या दुष्काळात तुकोबांचं दिवाळं निघालं, पहिली बायको अन्नावाचून गेली. त्यांच्याच गाथेत "माझे लेखीं देव मेला । असो त्याला असेल" हा अभंग आहे. माझ्यापुरता मेला, कुणाला असेल तर असो. कीर्तनकार सांगतात की हा रुसवा आहे, लाडकं पोर आईला "तू माझी आई नाहीस" म्हणतं तसा. असेलही. पण रुसायला सुद्धा समोर कुणीतरी असावं लागतं, आणि तो नाहीच असं झालं तर रुसवा कुणावर, हा विचार ज्याला शिवलाच नाही त्याच्या तोंडी अशी ओळ येणार नाही. तुकोबांना नास्तिक ठरवायचा माझा अजिबात बेत नाही. तेवढं इथेच थांबवतो.

श्रद्धेने आजार बरा होतो, हे तर सिद्ध झालंय म्हणे?

उलट. अमेरिकेत सहा रुग्णालयांत हृदयाची बायपास झालेल्या 1,802 रुग्णांवर मोठी चाचणी झाली, 2006 साली निकाल छापून आला. काहींसाठी अनोळखी लोकांनी प्रार्थना केली, काहींसाठी नाही. गुंतागुंत होण्याचं प्रमाण प्रार्थनेच्या गटात 52 टक्के, प्रार्थना नसलेल्यांत 51 टक्के. तिसऱ्या गटाला आधीच सांगितलं होतं की तुमच्यासाठी नक्की प्रार्थना होणार आहे. त्यांच्यात 59 टक्के! "माझ्यासाठी प्रार्थना करायची वेळ आली म्हणजे माझं काही खरं नाही" असं त्यांना वाटलं असेल, असा एक तर्क तेव्हा मांडला गेला. आपल्याकडे दवाखान्यात अचानक मामा-मावशा जमल्या की पेशंटचा चेहरा उतरतो, तशातलं.

रक्तदाबाची गोळी आई वारीतही घेते. मी डबीत दिवसवार भरून देतो.

श्रद्धाळू माणसं जास्त सुखी असतात का?

असतात, असं पाहण्यांमधून दिसतं. पण का, हा खरा मुद्दा. चैयून लिम आणि रॉबर्ट पटनम या अभ्यासकांनी 2010 साली अमेरिकेतल्या चर्चला जाणाऱ्यांबद्दल लिहिलं की समाधान जास्त दिसतं ते प्रामुख्याने ज्यांचे तिथे जिवाभावाचे मित्र आहेत त्यांच्यात. एकटंच येऊन एकटंच जाणाऱ्याला तो लाभ तसा दिसत नाही.

2020 साली पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या आणि वारकरी घरी बसले. आईने गच्चीवर फेऱ्या मारल्या, हरिपाठ म्हणत, पालखीच्या वेळापत्रकाप्रमाणे. दिवे घाटाच्या दिवशी दुप्पट. श्रद्धा तीच, नाम तेच, एकादशी तीच. चौथ्या दिवशी म्हणाली, "करमत नाही रे." त्यानंतर सकाळी सहा वाजता दिंडीतल्या पाचजणींचा फोनवर एकत्र हरिपाठ सुरू झाला, आणि मग करमायला लागलं.

श्रद्धा चुकीची असली तरी दुसऱ्याचं काय बिघडतं? ज्याची त्याची श्रद्धा.

इथे मी तावातावाने बोलतो अशी तक्रार आहे. असू दे.

विल्यम क्लिफर्ड या इंग्रज गणितीने 1877 साली एक गोष्ट लिहिली. जहाजमालकाला जहाज जुनं झालंय हे माहीत आहे. दुरुस्तीला पैसे लागतील. तो मनाची समजूत घालतो: इतक्या सफरी सुखरूप केल्या, देव या गरीब प्रवाशांना सांभाळील. हळूहळू त्याला ते मनापासून पटतं. जहाज बुडतं, माणसं मरतात, तो विम्याचे पैसे घेतो. (हो, विमा तिथेही आहे.) क्लिफर्ड म्हणतो, जहाज सुखरूप पोचलं असतं तरी हा माणूस तितकाच दोषी होता. आपल्याकडच्या घाटात ब्रेक न बघता बॉनेटला लिंबू-मिरची बांधून गाडी काढणारा ड्रायव्हर डोळ्यांपुढे आणा. लिंबू-मिरचीशी माझं भांडण नाही. ब्रेक बघितले का, एवढंच विचारतो, कारण मागच्या सीटवर मी आहे.

25 जानेवारी 2005ला वाईजवळ मांढरदेवीला यात्रेत चेंगराचेंगरी झाली, जवळपास 300 माणसं गेली. नारळाच्या पाण्याने निसरड्या झालेल्या पायऱ्या, अरुंद वाट, दुकानांची आग. देवीवरच्या श्रद्धेने माणसं मेली असं मी म्हणणार नाही, ते अन्यायाचं होईल. पण "तिच्या दारात काही होत नाही" या भरवशावर ज्यांनी वाट रुंद केली नाही, त्यांच्या हिशेबाला कुठला देव पुरेल?

आणि आपल्या विठ्ठलाकडे येऊ. चोखोबा चौदाव्या शतकातले. त्यांना देवळात प्रवेश नव्हता. समाधी आहे ती बाहेर, महाद्वारात. त्यांचा मुलगा कर्ममेळा. त्याचा अभंग आपण सप्ताहात क्वचितच ऐकतो: "आमुची केली हीन याती । तुज कां न कळे श्रीपती ॥ जन्म गेला उष्टें खातां । लाज न ये तुमचे चित्ता ॥" बापाने उंबऱ्याबाहेर राहून भक्ती केली, मुलगा देवालाच विचारतो, लाज नाही वाटत? स्पर्शाने विटाळ होतो ही पण श्रद्धाच होती. चुकीची होती. तिचा फायदा एकाला झाला आणि किंमत दुसऱ्याने चुकवली, सहाशे वर्षं. मे 1947 मध्ये साने गुरुजींनी पंढरपुरात उपोषण केलं तेव्हा ते दार उघडलं. आणि त्याच्या बारा वर्षं आधी, 1935 साली, येवल्याला आंबेडकरांनी सांगून टाकलं होतं की हिंदू म्हणून मरणार नाही. दार उघडलं तेव्हा सगळे आत जायला थांबले नव्हते.

गंमत अशी, की गुरुजी स्वतः श्रद्धाळू. दार बंद ठेवणारेही श्रद्धाळू. म्हणून "श्रद्धा चांगली की वाईट" असा सरसकट प्रश्न मला कधी नीट पकडताच आला नाही. हप्ता कोण भरतोय आणि कुणाच्या खिशातून, एवढं बघतो.

म्हणजे तुम्ही अंनिसवाले का?

अंधश्रद्धा निर्मूलन समितीचा सभासद नाही. पण तिच्या दाभोलकरांना मी साताऱ्यात ऐकलं आहे. देव-धर्माला विरोध नाही, त्याच्या नावावर चालणाऱ्या लुबाडणुकीला आहे, असं ते शांतपणे समजावायचे. 20 ऑगस्ट 2013ला पुण्यात सकाळी फिरायला निघालेले असताना त्यांना गोळ्या घातल्या. त्यांनी ज्याच्यासाठी वर्षानुवर्षं खेटे घातले तो जादूटोणाविरोधी कायदा त्याच वर्षी झाला. वारी बंद पाडणारा कायदा म्हणून त्याची बदनामी केली गेली होती. प्रत्यक्षात यात्रा, प्रदक्षिणा, कीर्तन, प्रवचन हे सगळं त्यातून स्पष्टपणे वगळलेलं आहे. कायदा पॉलिसी घेणाऱ्यावर नाही, बनावट पॉलिसी विकणाऱ्यावर आहे.

आपण चुकलो होतो, हे श्रद्धाळू माणसाला कधी कळतं?

पुढचं जग नसेल तर कधीच नाही. कळायला तो उरणारच नाही. असेल तर कळेल ते मला, आणि मास्तर तिथे आधीच टाळ घेऊन उभे असतील.

आईला कधी विचारलंत?

विचारलं. न विचारताच तिच्या वतीने इतकी उत्तरं देणं मला बरं वाटेना. निवडायला घेतलेली मेथी पुढ्यात होती. मी म्हटलं, समज, विठ्ठल नाहीच. नुसता दगड. तरी वारी केली त्याचं चीज झालं असं वाटेल का तुला? माणसं भेटली, चाललीस, तब्येत राहिली.

ती म्हणाली, "नाही कसा?"

समज म्हणतोय.

बराच वेळ मेथीच निवडली. मग म्हणाली, "मग मी चालले कुणाकडे?"

इथे माझा विमा संपला. मी वर जे काही लिहिलं, संगत, मोकळीक, पाया पडणारा तहसीलदार, ते सगळं खरं आहे आणि तिला ते मिळालेलं आहे. पण ती त्यासाठी चालली नाही. ती कुणाकडे तरी चालली. "देव नसला तरी फायदा झालाच की" हे मी म्हणतो तेव्हा मी तिचं समाधान करत नसतो, तिने न मागितलेला माल तिच्या पदरात घालत असतो. शिवाय ते फायदे मिळाले ते ती फायद्यासाठी चालत नव्हती म्हणूनच. तब्येतीसाठी 250 किलोमीटर कोण चालतं? चार दिवसांत टेम्पोत बसेल. वेळापूरच्या उतारावर तुकोबांची आठवण काढून म्हाताऱ्या माणसांनी धावत सुटावं, धावा म्हणतात त्याला, हे आरोग्यासाठी होत नाही.

तर "चुकीची निघाली तरी श्रद्धा मोलाची का?" याचं माझं उत्तर हो असंच आहे. पण हे उत्तर मी तिला तोंडावर देऊ शकत नाही. देण्यासारखं नाही ते.

खोटं असून चांगलं असेल तर मुलांना ते खरं म्हणून सांगावं का?

माझी मुलगी नऊ वर्षांची आहे. मागच्या आषाढीला, टीव्हीवर महापूजा चालू असताना, तिने विचारलं, "बाबा, तो विटेवर का उभाय?" पुंडलिकाची गोष्ट सांगितली: आईवडिलांची सेवा चालू होती, देव दारात आला, पुंडलिकाने उठायच्या ऐवजी वीट फेकली आणि म्हणाला थांब जरा. गोष्ट तिला फार आवडली. मग म्हणाली, "खरं झालं होतं?"

मी म्हटलं, आजी म्हणते झालं होतं, मला वाटतं ती गोष्ट आहे. बायको माझ्यावर चिडली. तिचं म्हणणं, मोठी झाल्यावर कळलं असतं. कदाचित. पण मी जे स्वतः घेत नाही ते दुसऱ्याला "खरं आहे" म्हणून द्यायचं, हे मला जमत नाही. मी श्रद्धा बाळगणाऱ्यांच्या बाजूने इतकं बोलतो ते याच अटीवर, की विकणाऱ्याने तरी आपला माल तपासलेला असावा. मुलगी आजीच्या गोष्टीही ऐकते, माझंही. सध्या तिचं मत असं आहे की वीट खरी होती.

श्रद्धा उडाली आहे, पण वारी आवडते. जाऊ की सोडू?

जा. कुणी दाखला मागत नाही. पखवाज सुरू झाला की मागे रेटून पुढे नेतात, तेव्हा मनात काय आहे ते कुणी विचारत नाही. चांदोबाच्या लिंबाजवळ उभ्या रिंगणात माउलींचा अश्व दौडत जातो, त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावायला झुंबड उडते. मीही लावतो. का लावतो हे मला विचारू नका, तो प्रश्न या यादीत नाही.

फक्त वाटेत शेजारच्याला त्याचा देव नाही हे पटवायला जाऊ नका. दिवे घाटात तर मुळीच नको, दम लागतो.

एवढं सगळं आहे, तर माळ का घालत नाही?

आई दरवर्षी विचारते, मास्तर तर माळ खिशात घेऊनच फिरतात. माळ घातली की मटण सुटतं, दारू सुटते, एकादशी येते, वारी चुकवता येत नाही. यातलं मटण सोडलं तर बाकी मला आताही जड नाही. पण माळ घालणं म्हणजे तोंडाने न बोलता "मी मानतो" असं गळ्यात लिहून फिरणं, आणि मानत नसताना ते लिहिणं म्हणजे पुन्हा ती बनावट पॉलिसी.

मास्तर म्हणतात, घाल तर खरी, मग बघ. मी म्हणतो, बघितल्यावर घालतो. तरडगाव ते फलटण हा संवाद बारा वेळा झाला आहे. यंदा त्यांना कमी दिसतं, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, म्हणून लोणंदपासून त्यांचा हात मी धरणार आहे.